रोज धुतलेली चेन

“...मग रोज धुऊनसुद्धा ओरडते कशी?”

“रोज धुता म्हनून.”

एवढंच बोलून इराप्पा मिस्त्री परत हातातल्या चाकाकडे वळले.

शलाकाला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसावं. तिनं सायकल आणखी पुढे घेतली, मागचं चाक उचललं आणि हातानं पायडल फिरवलं.

चीं... चीं... चीं...

मिरजेतल्या मार्केटमागच्या गल्लीत हे दुकान. दुकान कसलं, एक पत्रा, खाली एक ओटा, आणि छपराला टांगलेली चाकं. ओट्यावरचं सगळं काळं होतं. हत्यारं, चिंध्या, खुद्द मिस्त्रींचं धोतर. त्या सगळ्या काळ्यात शलाकाची चेन तेवढी पैंजणासारखी लखलखत होती.

“बघा ना अप्पा. एक डाग दाखवा.”

“डाग न्हाई.”

“मग?”

“त्येच तर.”

शलाका गप्प बसली. गप्प बसणं तिला फारसं जमायचं नाही. ती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, सध्या रजेवर होती, आणि घरी दहा महिन्यांची कुहू होती. कुहूच्या बाटल्या ती दिवसातून चारदा उकळायची. सासूबाईंनी नातीच्या गालाला काजळाची तीट लावली की ही ओल्या टिश्यूनं दोन मिनिटांत पुसून टाकायची. काजळात शिसं असू शकतं. शिशाचे दुष्परिणाम तिनं सहा वर्षं फळ्यावर लिहिले होते.

चांगली आई कशी असते, ते मात्र तिला कुणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं. त्यातली स्वच्छता तेवढी आपल्याला येते, असं तिला वाटायचं. म्हणून ती तेवढीच, पण फार जोरात करायची. बाटल्यांची करायची, फरशीची करायची, आणि रोज संध्याकाळी सायकलच्या चेनचीही. आधी रॉकेल, मग साबण, मग गरम पाणी, मग कोरडं फडकं.

“रविवारी चढाई आहे, अप्पा.”

“भैरोबाची?”

“हो. सरावाला चेन सटकली, पाय टेकला.”

भैरोबाच्या डोंगराची चढाई गावातल्या सायकलवाल्यांना नवी नाही. नियम एकच. वाटेत पाय टेकला की बाद. बाळंतपणाआधी शलाका दोनदा वर पोचली होती. गेल्या महिन्यात सरावाला गेली, तेव्हा शेवटच्या वळणावर चेन सटकली, पाय टेकला, आणि उरलेला चढ तिनं सायकल हातात धरून काढला. शेजारून एक आजोबा बकऱ्या घेऊन तिच्यापुढे गेले. बकऱ्यांनी मागे वळून बघितलं, असं तिला आजही वाटतं.

त्याच संध्याकाळी तिनं फोनवर जाहिरात टाकली. सायकल विकणे आहे. सोमवारी सकाळी दहाला एक गिऱ्हाईक बघायला येणार होतं. रविवारी पाय टेकला नाही, तर त्याला नको म्हणायचं. टेकला, तर सायकल देऊन टाकायची आणि आपल्यातलं ते काहीतरी संपलं असं समजायचं. ही गोष्ट तिनं निनादला, म्हणजे नवऱ्यालाही सांगितली नव्हती. तो म्हणाला असता, ‘अगं, एवढं काय त्यात?’ आणि तिला उत्तर देता आलं नसतं.

आज गुरुवार होता.

“हात दावा,” इराप्पा म्हणाले.

“चेन बिघडलीय अप्पा. हात नाही.”

“दावा की वो.”

तिनं हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर पांढऱ्या भेगा. अंगठ्याच्या कडेला एक लाल चीर.

इराप्पांनी त्या चिरेकडे बोट केलं.

“दिसाला किती येळा धुता?”

“मोजलं नाही. बाळ आहे घरात.”

“चिरा पडल्यात.”

“साबणानं पडतात. कातडीतलं तेल निघून जातं. साबणाचं एक टोक तेलाला चिकटतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे...”

ती थांबली.



ती हाताकडे बघत राहिली. मग चेनकडे.

“हात बिचारे बोंबलत न्हाईत,” इराप्पा म्हणाले. “चेन बोंबलती. येवढाच फरक.”

त्यांनी जोडाची कडी सोडवली, चेन काढली आणि डोळे मिटून बोटांतून सरकवायला लागले. जपमाळ ओढावी तशी. एक कडी, पुढची, पुढची. सगळ्या वाकत होत्या. मध्येच बोटं थांबली.

“ही बगा.”

एक कडी वाकतच नव्हती. ताठ उभी होती.

“वरनं चकाचक. आतनं गंजलीया. तुमाला हिनं पाडलं.”

शलाकाला क्षणभर इतकं हलकं वाटलं की तिथंच ओट्यावर बसावंसं वाटलं. म्हणजे दोष पायांचा नव्हता! दमाचा नव्हता! ह्या एवढ्याशा कडीचा होता!

दुसऱ्या क्षणी आठवलं, की कडीला गंज चढवला कुणी.

“नवी चेन टाका मग, अप्पा.”

“नवीबी तुमीच धुनार न्हवं?”



इराप्पांनी पायानं एक पाट पुढे ढकलला. “बसा. आनि त्ये घड्याळ काढून ठेवा.”

त्यांनी ॲल्युमिनियमच्या तीन वाट्या मांडल्या. तिन्हींत रॉकेल. पहिलीतलं डांबरासारखं काळं, दुसरीतलं चहाच्या रंगाचं, तिसरीतलं नितळ.

शलाकाचा हात नितळ वाटीकडे गेला.

“अंहं. काळ्यात आदी.”

“काळ्यात? अप्पा, ही आत्ता स्वच्छ तरी आहे. त्यात बुडवली तर आणखी घाण होईल.”

“बुडवा.”

तिनं तोंड वाकडं करून चेन बुडवली. वर्गात एखाद्या मुलानं असं केलं असतं तर तिनं त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं.

“आता ती कडी हालवा. हिकडं, तिकडं. दोनी अंगठ्यांनी. जोर नगं... दम धरा.”

हलेना. हलेना. मग किंचित हलली, आणि त्या काळ्या रॉकेलमध्ये तांबड्या गंजाचा एक धागा सुटला. मग दुसऱ्या कड्यांतूनही सुटायला लागले. तिच्या त्या लखलखीत, रोज धुतलेल्या चेनच्या पोटातून.

ती बघतच राहिली.

“जड मळ ह्यो काळा काढतो,” इराप्पा म्हणाले. “मग दुसरा. मग नितळ. उद्या नितळ दुसरा हुईल, परवा पयला. फेकायचं काई न्हाई.”

दुसऱ्या वाटीत चेन असताना शलाकानं करंगळीनं सासूबाईंना फोन लावला.

“आई, कुहू उठली का?”

“नाही गं. खेळून दमलीय, झोपलीय.”

तिसऱ्या वाटीत पुन्हा.

“आई, तिला पाणी...”

“झोपलीय शलाका.”

तिसऱ्या वाटीतलं रॉकेल जवळजवळ नितळच राहिलं. शलाकानं चेन उचलून उजेडात धरली.

“झाली साफ?”

“न्हाई.”

इराप्पांनी चेन उन्हात टांगली. तोवर तिला मागच्या चाकाच्या दात्यांपाशी बसवलं. चिंधीची लांब पट्टी दोन दात्यांच्या चकत्यांमध्ये घालून मागंपुढं ओढायची, पाठ घासतात तशी. गिअरच्या दोन छोट्या चाकांवर मळाच्या काळ्या वड्या साचल्या होत्या. त्या तिनं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खरवडून काढल्या. रोज चेन धुणाऱ्या बाईला ही चाकं कधी दिसलीच नव्हती. दिसली नव्हती असं नाही. ती चमकत नसल्यामुळे तिनं तिकडे बघितलं नव्हतं.

चेन वाळली. परत चढली.

“आता झाली?”

“न्हाई.”

इराप्पांनी तेलाची बारीक चोचीची बुदली तिच्या हातात दिली. “एकेका कडीला एक थेंब. मदोमद. एकशे चौदा कड्या हायत. मोजा.”

“मोजायचं कशाला? फिरवत फिरवत धार धरली तर...”

“मोजा.”

एक. दोन. तीन. चाळीसपर्यंत नीट चाललं. पन्नासला तिला वाटलं, कुहूच्या खोलीची खिडकी उघडी राहिली. साठला वाटलं, खिडकीशेजारी पाट तसाच आहे, कुहू त्यावर चढेल. एकसष्टला तिला आठवेना, की एकसष्ट झाले की बासष्ट.

तिनं इराप्पांकडे बघितलं. ते चिरमुरे खात होते.

“इसरलं न्हवं? फोन लावा. मग पयल्यापासनं.”

तिनं फोन लावला. हात तेलकट, म्हणून आवाज मोठा ठेवून. सासूबाईंचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला.

“अगं माझे आई! खिडकी बंद आहे, पाट बाजूला आहे, पोरगी ढाराढूर झोपली होती. तुझा फोन वाजला आणि उठली!”

मागून कुहूचं रडणं आलं.

इराप्पांनी चिरमुऱ्यांचा बकाणा भरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

शलाकानं फोन बंद केला. पार बंद. पाटाखाली सरकवला.

एक. दोन. तीन...

एकशे चौदा.

“फिरवा,” इराप्पा म्हणाले. तिनं पायडल उलटं फिरवलं. वीस वेळा, तीस वेळा. तेल आत मुरलं. चेन ओली, चकचकीत दिसायला लागली. तिचं तिलाच कौतुक वाटलं.

इराप्पांनी फडकं पुढे केलं. “पुसा.”

“आत्ताच लावलं ना!”

“पुसा.”

“एकशे चौदा थेंब मोजून लावले, अप्पा. ते पुसून टाकायचे?”

...

तिनं पुसलं. फडकं काळं झालं. फडक्याची दुसरी बाजू घेऊन पुसलं, तिसरी, चौथी. शेवटी फडक्यावर नुसता धुरकट डाग उमटायला लागला, तेव्हा इराप्पांनी हात वर केला.

“सगळंच गेलं की हो.”

“वरलं गेलं. वरल्यावर धूळ बसती.”

“आणि आतलं?”

“तिथवर तुमचं फडकं पोचत न्हाई.”

त्यांनी मागचं चाक उचललं आणि पायडलला एक झटका दिला. चाक फिरायला लागलं. फिरत राहिलं...

“ऐका.”

शलाकानं कान जवळ नेला. “काहीच येत नाही ऐकू.”

“मंग ऐकता कशाला?”

तिला हसू आलं. “झाली ना साफ?”

“न्हाई. पर चालंल.” इराप्पांनी चाक खाली ठेवलं. “रविवारपतुर चालवा खुशाल. हात लावायचा न्हाई.”

“धूळ बसली तर?”

“बसू दे.”

“नुसतं कोरड्या फडक्यानं...”

“बाई.” इतकंच.

इराप्पांचं काम एकवेळ सोपं होतं. खरी चढाई शुक्रवारपासून सुरू झाली.

शुक्रवारी एक फेरी मारून आली तर चेनवर धुळीची बारीक साय. शलाका सायकलभोवती दोनदा फिरली. शनिवारी सकाळी तर ब्रश हातात घेऊन उकिडवी बसली. मग ब्रश परत बादलीत टाकला, आणि हाताला काम हवं म्हणून स्वतःच्या बोटांना खोबरेल तेल लावलं. बऱ्याच दिवसांनी लावलं. झोंबलं.

“बरं नाही का तुला?” निनादनं संध्याकाळी विचारलं.

“का?”

“बाटल्या एकदाच उकळल्यास आज.”

रविवारी सकाळी साडेसहाला भैरोबाच्या पायथ्याशी चाळीसेक सायकली. ऊन अजून कोवळं. निनाद, सासूबाई आणि कुहू गाडीनं आधीच वर गेलेली. सुरुवातीच्या चढाला सगळ्यांची बडबड होती. दुसऱ्या वळणाला बडबड संपली. तिसऱ्याला माणसं गळायला लागली. कुणी पाय टेकून कमरेवर हात ठेवलेला, कुणी दगडावर बसलेला. पुढेमागे नुसते चेनचे आवाज. कुणाची करकरत होती, कुणाची खडखडत होती.

शलाकाच्या खालून काहीच आवाज येत नव्हता.

आधी तिला बरं वाटलं.

मग शेवटचं वळण आलं. तेच ते. डावीकडे करवंदीची जाळी, रस्त्यात तो खड्डा, आणि पुढे भिंतीसारखा चढ. मांड्या पेटल्या होत्या. तिनं गिअर टाकला, आणि गिअर बसल्याचाही आवाज झाला नाही.



चेन आहे ना?

इतकं शांत कसं? सटकली तर नसेल? मागल्या वेळी आवाज तरी झाला होता. तिला खाली बघायचं होतं. नुसतं एकदा. पण त्या चढावर मान खाली घातली की सायकल डगमगणार, हे तिला ठाऊक होतं. थांबून बघावं, एकच सेकंद पाय टेकून, खात्री करून... उजवा पाय सुटायच्या बेतात आला.

मंग ऐकता कशाला?

तिनं पाय दाबला.

पायडलनं उलट जोर लावला. भक्कम. मुठीत मूठ घट्ट धरावी तसा.

चेन होती. जागेवर होती, आणि काही तक्रार नसल्यामुळे गप्प होती.

शलाकानं दुसरा पाय दाबला. मग पहिला. मग ती उठून उभी राहिली पायडलवर, आणि तोंडातून असा काही आवाज निघाला की करवंदीच्या जाळीतले पक्षी उडाले. तिची सायकल गप्प होती, म्हणून तीच ओरडली. कडेला थांबलेल्या एका दाढीवाल्या गड्यानं “चला, वहिनी, चला!” म्हणून टाळ्या वाजवल्या. चढ वर आला, आणखी वर आला, आणि मग एकाएकी चढच संपला. समोर देऊळ, घंटा, सगळं आभाळ.

सासूबाईंच्या कडेवर कुहू. गालावर काजळाची ही एवढी तीट.

शलाका सायकलवरून उतरली आणि तेव्हा, पहिल्यांदा, पाय टेकला.

“नाही टेकला!” ती म्हणाली. कुणाला कळलं नाही. ती परत म्हणाली, “एकदाही नाही टेकला!” आणि घामट तोंडानं कुहूचे मुके घेत सुटली. तीट तिच्याच ओठांना लागली. शिशाची आठवण तिला संध्याकाळी झाली.

सोमवारी सकाळी नऊला तिनं गिऱ्हाइकाला फोन केला. सायकल द्यायची नाही.

“का हो? काही बिघाड निघाला का?”

“नाही. काहीच नाही निघाला.”

दहा वाजता ती इराप्पांच्या ओट्यापाशी उभी होती. कुहूला पोटाशी बांधून, सायकल हातात धरून. इराप्पा एका चाकाच्या तारा ताणत होते.

“अप्पा, वर पोचले. एकदाही पाय न टेकता.”

“हं.”

“शेवटच्या वळणावरसुद्धा नाही.”

“हं.”

एवढ्या मोठ्या बातमीला दोन हुंकार मिळाले. शलाका थोडी खट्टू झाली. मग जुन्या सवयीनं खाली वाकली. चेनवर भैरोबाच्या डोंगराची तांबडी धूळ बसली होती. मधूनमधून काळे ठिपके.

“मळलीय मात्र. धुऊ आता?”

“वरडली का?”

“नाही.”

इराप्पांनी तार ताणली. टिचकी मारून बघितली. पुढची तार धरली.

शलाका वाकलेलीच होती. पोटाशी बांधलेल्या कुहूनं तेवढ्यात हात लांब केला, चेनवर बोट घासलं, आणि काळं झालेलं बोट मोठ्या कुतूहलानं बघून आईच्या गालावर टेकवलं. नीट, मधोमध. मग स्वतःच्याच करामतीवर खिदळली.

शलाकाचा हात पिशवीकडे गेला. टिश्यूचं पाकीट बोटांना लागलं...

तिनं त्यातला एक टिश्यू काढला, कुहूचं बोट पुसलं, आणि पाकीट परत पिशवीत टाकलं. स्वतःच्या गालाला हात लावला नाही.

इराप्पांनी हातातलं चाक खाली ठेवलं. गुरुवारपासून पहिल्यांदा त्यांनी सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं.

“आता झालीस बग साफ, पोरी.”